दवाखान्याची बाकी, सावकाराची वही

वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हाती गेला तो थकबाकीपोटी. हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या पगाराची रक्कम निजामाकडे तुंबत गेली आणि मे १८५३ च्या तहाने त्याला हा कापसाचा मुलूख कंपनीच्या हवाली करावा लागला. त्याआधी काही वर्षे याच मुलुखाचा महसूल पुरणमल नावाच्या हैदराबादी सावकाराकडे आणि पुढे पेस्तनजींच्या पारशी पेढीकडे लावून दिलेला होता. दरबाराने उचललेले पैसे त्यांनी वऱ्हाडच्या रयतेकडून वसूल करून घ्यायचे, असा तो व्यवहार. कर्ज एकाने काढायचे आणि वसुली दुसऱ्याच्या दारी यायची, हे या भागाने फार पूर्वी पाहिले आहे. सातपुड्याच्या पायथ्याला, पूर्णेच्या खोऱ्याच्या उत्तर कडेला असलेल्या, अकोला जिल्ह्यातल्या तेल्हाऱ्यासारख्या गावाचा कर्जाचा इतिहास लिहायचा तर कागदाला तोटा नाही. तहनामे, जमाबंदीचे अहवाल, चौकशी समित्या, कायदे, शासननिर्णय असे सगळे आहे. मात्र या कागदांत आजारपणाच्या कर्जाला स्वतःचे असे खाते कुठेच दिसत नाही. माझ्या मते त्याचे कारण साधे आहे. इथे दवाखान्याचे बिल दवाखान्याच्या नावावर थकतच नाही. पेशंट अकोल्याहून घरी येण्याआधीच ते बिल सोनाराच्या, सावकाराच्या, अडत्याच्या किंवा बचत गटाच्या खात्यावर चढलेले असते. कायद्याने वसुलीच्या रीतीवर बंधने घातली, ती बरीच चांगलीही होती. पण मदत आणि माफी देताना सरकारने नेमके कर्जाचे कारण विचारले, आणि त्या प्रश्नात आजारी माणसाचे घर दर वेळी बाहेर राहिले.

वसुलीची रीत आधी पाहू. पेशवाईच्या अखेरीस तगादा म्हणजे काय होता हे एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात नोंदवले आहे. नुसत्या मागणीपासून ते ऋणकोच्या दारात पहारा बसवणे, त्याचे जेवण अडवणे, डोक्यावर दगड देऊन भर उन्हात एका पायावर उभे करणे, इथपर्यंत त्याच्या पायऱ्या होत्या. सावकार दारात धरणे धरून बसला की त्याच्या उपासाचे पाप घरमालकाच्या माथी, ही समजूत एवढी पक्की होती की १८६० च्या भारतीय दंडविधानात कलम ५०८ खाली दैवी कोपाची भीती घालण्याचा गुन्हा सांगताना उदाहरण म्हणून दारात धरणे धरणाराच दिला गेला. याच समाजाने सावकाराला एक मोठी अटकही घातली होती. ती दामदुपटीची: व्याज साचून मुद्दलाएवढे झाले की एका वेळी त्याहून जास्त मागता येत नाही. तेव्हाचा तगादा क्रूर होता, पण तो गावाच्या डोळ्यांसमोर होता आणि सावकारालाही त्याच गावात राहायचे होते. इंग्रजी अमलात धरण्याच्या जागी दिवाणी हुकूमनामा आला. १८६० च्या दशकात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर वऱ्हाडात जमिनीची मोजणी आणि जमाबंदी झाली, वावरावरचा कब्जेदाराचा हक्क विकता-गहाण ठेवता येऊ लागला. त्याच सुमारास अमेरिकेतल्या यादवीमुळे (१८६१ ते १८६५) कापसाला कधी नव्हे असा भाव चढला आणि पाठोपाठ रेल्वे आली. वावराला किंमत आली तशी ती सावकाराला तारण म्हणून दिसू लागली. कापसाचा भाव उतरल्यावरही तारण तारणच राहिले.

मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले, आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा झाला. तो पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांसाठी होता. वऱ्हाड त्याच्या बाहेर. पण दंग्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाचे एक निरीक्षण वऱ्हाडालाही लागू पडते. शेतकरी लग्नकार्यात उधळतो म्हणून बुडतो, हे तेव्हाच्या साहेबांचे आवडते स्पष्टीकरण होते. आयोगाने सांगितले की या खर्चाला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले गेले आहे. तो खर्च कर्जात भर घालतो, पण कर्जाची सुरुवात क्वचितच तिथून होते. हे १८७६ मध्ये लिहिले गेले, तरी पुढची शंभर वर्षे शेतकऱ्याच्या कर्जाची ‘उत्पादक’ आणि ‘अनुत्पादक’ अशी वाटणी चालूच राहिली. बी-बियाणे, बैल, विहीर हे उत्पादक. लग्न, तेरावी, आजारपण हे अनुत्पादक. पोरीच्या लग्नातली वाजंत्री आणि बापाच्या तापावरचे औषध एकाच रकान्यात बसवणारी ही वाटणी मला आजही चीड आणते. कारण वावरात राबणारे शरीर हेच कोरडवाहू कास्तकाराचे सर्वांत मोठे भांडवल. ते दुरुस्त करण्याचा खर्च अनुत्पादक ठरवणे म्हणजे बैलाच्या पेंडीला उत्पादक आणि बैल हाकणाऱ्याच्या औषधाला उधळपट्टी म्हणणे.

त्या काळी आजारपणाची किंमत डॉक्टरच्या बिलात मोजली जात नव्हती, हे खरे आहे. सरकारी दवाखाने मोजक्या गावी होते, उपचार थोडे होते, वैद्याचे देणे बहुतेक सुगीवर जायचे. किंमत मोजली जायची हातांत. निंदण-डवरणाच्या दिवसांत घरातला करता माणूस तापाने पडला तर मजुराला रोख द्यावी लागे. तीही नसेल तर तण पीक खाऊन टाके. १९१८ च्या साथीत हे अख्ख्या प्रांताने भोगले. इन्फ्लुएंझाची जीवघेणी लाट पावसाळा सरता सरता, पीक घरी आणण्याच्या ऐन दिवसांत आली, आणि मध्यप्रांत-वऱ्हाड हा देशातल्या सर्वाधिक मृत्यू झालेल्या भागांपैकी एक ठरला. ज्या घरात सीतादही करून पहिली वेचणी व्हायची, तिथे वेचायला कोणी उठत नव्हते. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. अशा घराने पुढच्या जेठ-आषाढात सावकाराकडून जे उचलले, ते वहीत बियाण्याचे किंवा घरखर्चाचे म्हणूनच पडणार. आजार त्या कर्जाचे मूळ होता. पण वहीत मूळ लिहायची पद्धत नाही, रक्कम आणि मुदत लिहायची असते.

१९२९ नंतर कापसाचा भाव कोसळला आणि जुनी कर्जे फेडण्याच्या पलीकडे गेली. तेव्हा वऱ्हाडाने या विषयातले आपले सर्वांत मोलाचे काम केले. पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख प्रांताच्या मंत्रिमंडळात असताना १९३३ मध्ये कर्ज लवाद कायदा झाला. देशातल्या या प्रकारच्या पहिल्या कायद्यांपैकी तो. त्यातली कल्पना अशी की सावकार आणि ऋणको यांना कोर्टाच्या पायरीआधी लवाद मंडळासमोर बसवायचे, घराचे सगळे देणे एकत्र मांडायचे, फेडण्याची ऐपत पाहायची आणि हप्ते बांधून द्यायचे. वाजवी तोडगा नाकारणाऱ्या सावकाराला पुढे कोर्टात गेल्यावर त्याची झळ बसेल, अशी तजवीज होती. १९३४ मध्ये सावकारी कायदा आला. १९३७ मध्ये ऋणकोंच्या संरक्षणाचा कायदा आला, त्याने तगाद्यालाच हात घातला: ऋणकोचा पिच्छा पुरवणे, त्याच्या घराभोवती किंवा कामाच्या जागेभोवती घिरट्या घालणे, धाकदपटशा करणे हा गुन्हा ठरला. १९३१ मध्ये मजूरविषयक रॉयल कमिशनने गिरणीच्या दारात पगाराच्या दिवशी टपून बसणाऱ्या वसुलीवाल्यांबद्दल जी शिफारस केली होती, तिचेच हे शेतीप्रांतातले रूप. १९३९ मध्ये कर्जनिवारण न्यायालयांचा कायदा झाला. पाच-सहा वर्षांत एका प्रांताने एवढे करावे, ही साधी गोष्ट नाही.

यावर तेव्हाही आक्षेप होता आणि आजही आहे: वसुलीचे हात बांधले तर उसने कोण देणार? अडीअडचणीला उभा राहणारा सावकार एकदा मागे सरला की रात्री-बेरात्री तापलेले पोर घेऊन माणूस जाणार कुठे? आक्षेपात तथ्य आहे. तिसाच्या दशकातल्या कायद्यांनंतर सावकारांनी हात आखडता घेतला, आणि बऱ्याच जणांनी गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत करून घ्यायला सुरुवात केली. कागदावर विक्री, तोंडी करार की पैसे परत दिले तर वावर परत. पण यावरून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. लवाद मंडळांनी जुने कर्ज आवाक्यात आणले, नवी गरज भागवणारी दुसरी जागा तेवढ्या वेगाने तयार झाली नाही. दोष वसुलीवरच्या बंधनाचा नव्हता. आणि आजारपणाच्या वेळी घेतलेल्या पैशाला तर बाजाराचा नियम लावणेच चूक आहे. कारण त्या क्षणी घेणारा व्याजाचा दर ऐकत नसतो, तो सलाईन लागले की नाही ते विचारत असतो.

कायद्याने काय वाचवले आणि आजाराने काय नेले, हे १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० जवळ ठेवून पाहिले तर नीट दिसते. हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी बेलिफ घरी आला तर त्याला काय जप्त करता येणार नाही, याची यादी तिथे आहे. अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण. धर्माच्या रिवाजाप्रमाणे बाईने अंगावरून उतरवू नयेत असे दागिने, म्हणजे आपल्याकडे मंगळसूत्र. कारागिराची हत्यारे. शेतकऱ्याची अवजारे, त्याच्या पोटापाण्याला लागणारी गुरे आणि बियाणे. शेतकऱ्याचे घर. फार विचाराने केलेली यादी आहे; माणूस कर्जात बुडाला तरी उद्या सकाळी चूल पेटवून कामाला लागू शकला पाहिजे, हा तिचा हेतू. आता अपघात, बाळंतपणातली गुंतागुंत किंवा मूत्रपिंडाचा आजार आला की घरातून काय जाते ते पाहा. आधी मंगळसूत्र आणि कानातले सोनाराकडे जाते. मग बैलबाजारात जोडी उभी राहते. मग पेरणीसाठी ठेवलेले पैसे. बेलिफाला ज्या वस्तूंना हात लावायची मनाई, त्याच वस्तू त्याच क्रमाने घरातून बाहेर पडतात, आणि तेही कोणी न मागता, आपणहून. या वसुलीला हुकूमनामा लागत नाही. म्हणून तिचा कुठल्या कोर्टात दावा नाही आणि कुठल्या अहवालात आकडा नाही.

स्वातंत्र्यानंतर सावकाराची जागा सहकाराने घ्यावी असे ठरले. १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्याच्या एकूण कर्जापैकी सुमारे ७० टक्के सावकारांचे आणि सहकारी संस्थांचे जेमतेम ३ टक्के निघाले होते. पुढे संस्था वाढल्या, पण त्यांनी दिले ते पीककर्ज. १९७२ पासूनच्या एकाधिकार कापूस खरेदीत सोसायटीची बाकी चुकाऱ्यातूनच कापून घेतली जाई. वसुलीची ही रीत सभ्य होती, दारात कोणी येत नव्हते. तरी तिचा परिणाम आजारी घरावर वेगळा झाला. वर्षातून एकदा हाती येणारी रोकड आधीच कापलेली, चुकारे लांबलेले, आणि सोसायटी दवाखान्यासाठी पैसे देत नाही. मग त्या घराने खासगी व्यापाऱ्याला कमी भावात, पण नगदीने कापूस घातला किंवा सावकार गाठला, तर त्याला लबाड कसे म्हणायचे? याच काळात उपचाराचे स्वरूप पालटत होते. राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार १९८६-८७ मध्ये खेड्यांतले सुमारे ६० टक्के भरती रुग्ण सरकारी रुग्णालयात जात. दहा वर्षांत हे प्रमाण ४५ टक्क्यांच्या आसपास आले. तेल्हाऱ्याच्या माणसासाठी याचा अर्थ अकोल्याचा खासगी दवाखाना, आधी डिपॉझिट, मग भरती. त्यात तालुक्याचा मोठा भाग खारपाणपट्ट्यातला. विहिरीचे पाणी खारट, आणि मूत्रपिंडाच्या विकारांची गावोगावची तक्रार जुनी. डायलिसिस हे एकदाचे बिल नव्हे. आठवड्याला दोन-तीन वेळा अकोल्याची फेरी, सोबत एक माणूस, दोघांची बुडालेली मजुरी, आणि हे वर्षानुवर्षे. पीककर्जाला मुदत असते, दसऱ्यानंतर वेचणी झाली की हिशोब होतो. या कर्जाला सुगीच नाही.

आज दवाखान्याच्या दारात रुग्णाला संरक्षण आहे, हे मान्य केले पाहिजे. बिल थकले म्हणून रुग्णाला अडकवून ठेवणे बेकायदा आहे असे मुंबई आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी सांगितले. २०२१ मध्ये महाराष्ट्राच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत रुग्णहक्कांची सनद आली आणि बिलापोटी रुग्ण किंवा मृतदेह अडवण्यास मनाई झाली. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या, ही योजना २००६ पासून आहे. पण रुग्ण अडवला जाणार नाही याची खात्री मिळेपर्यंत नातेवाइकांनी पैसे जमवलेले असतात. ते कुठून? मायक्रोफायनान्सच्या गटातून, जिथे दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला हप्ता द्यायचा आणि एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या बायांनी तिच्या दारात जायचे. सावकाराच्या धरण्याची जागा इथे शेजारणींच्या धरण्याने घेतली आहे. रिझर्व्ह बँकेने अशा कर्जांच्या वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायला मनाई केली, मार्च २०२२ च्या निर्देशांत घराच्या सगळ्या हप्त्यांना उत्पन्नाच्या ५० टक्क्यांची मर्यादा घातली. तरीही ज्या घराचे उत्पन्नच आजाराने निम्म्यावर आले, त्याचा हिशोब कर्ज देतानाच्या उत्पन्नावर झालेला असतो. आणि शेजारणीच्या तोंडून आलेल्या तगाद्याला वेळेची मर्यादा कोण घालणार?

सर्वांत कठोर कागद मला २३ जानेवारी २००६ चा शासननिर्णय वाटतो. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला १ लाख रुपयांची मदत देण्यासाठी त्यात कारणे ठरवली: नापिकी, बँक, सहकारी संस्था किंवा मान्यताप्राप्त सावकाराचे न फिटलेले कर्ज, आणि परतफेडीचा तगादा. ज्याने बायकोच्या ऑपरेशनसाठी विनापरवाना सावकाराकडून उचलले, त्याचे मरण या चौकटीत बसत नाही. प्रकरण अपात्र ठरते. त्याच वर्षी जुलैत पंतप्रधानांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी, अकोल्यासह, ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले. त्यात बँकांच्या व्याजाची माफी होती, खासगी सावकारीला हात नव्हता. २०१५ मध्ये शासनाने शेतकऱ्यांचे सावकारी कर्ज भरायची योजना आणली, तीही परवानाधारकांपुरती. म्हणजे ज्याच्याकडे बँकेत जाण्याएवढा वेळ आणि पत होती, त्याला माफी; ज्याला रात्री अकराला पैसे लागले, त्याला नाही. कोणी म्हणेल, सरकारने खातरजमा न करता पैसे वाटावेत काय? मुळीच नाही. परंतु डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या पावत्या, सोनाराची गहाणपावती हेही कागदच आहेत, आणि बँकेच्या नोटिशीइतकेच ते तपासता येतात.

मोठा आक्षेप आरोग्य योजनेचा आहे. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ मध्ये सुरू झाली, पहिल्या टप्प्यात अमरावती होता, २०१३ च्या अखेरीस अकोला आला; दीड लाखापर्यंतचे उपचार विनामूल्य. पुढे आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत शुभ्र शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांनाही ती लागू झाली, महात्मा फुले यांचे नाव मिळाले, आणि आता मर्यादा ५ लाखांवर गेली आहे. मग आजारपणाचे कर्ज उरलेच कुठे? योजनेने हजारो घरे वाचवली आहेत, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण ती भरती झाल्यावर, ठरलेल्या उपचारांना, ठरलेल्या रुग्णालयात लागू होते. निदान होईपर्यंतच्या तपासण्या, बाहेरून आणायची औषधे, गाडीभाडे, सोबतच्याची मजुरी हे तिच्या बाहेर राहते. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत खेड्यांतल्या भरती रुग्णांच्या खर्चापैकी साधारण १३ टक्के प्रकरणांत उसनवारी हाच मुख्य आधार होता, आणि सुमारे ८० टक्के प्रकरणांत घरचे उत्पन्न किंवा बचत. बचत मोडली म्हणजे कर्ज टळले असे नाही. कोरडवाहू घराची बचत हीच पुढच्या पेरणीची रक्कम असते, आणि ती गेली की मृगात पुन्हा कोणाचे तरी दार. दुसरा आक्षेप असा की खरे दुखणे कापसाचा भाव आणि ओलिताचा अभाव हे आहे, आजार हा निमित्तमात्र. भावाचे दुखणे मला मान्यच आहे. पण एकाच शिवारातली, सारखी जमीन आणि सारखा भाव असलेली दोन घरे पाच वर्षांत एवढी वेगळी का होतात, याचे उत्तर भावात सापडत नाही. अभ्यासक अनिरुद्ध कृष्ण यांनी राजस्थान, गुजरात, आंध्रातल्या खेड्यांत हजारो घरांचा माग काढला, तेव्हा गरिबीत घसरण्याचे सर्वांत मोठे कारण आजार आणि त्याचा खर्च हेच निघाले.

पंजाबरावांच्या कायद्यातली एक गोष्ट आज उचलण्यासारखी आहे, ती म्हणजे घराचे सगळे देणे एका टेबलावर मांडणे. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याने सहकार खात्याच्या निबंधकाला बेकायदा सावकाराने बळकावलेले वावर परत देण्याचा अधिकार दिला आहे. म्हणजे तालुक्याच्या पातळीवर चौकशी करणारा अधिकारी आहेच. त्याच्यासमोर सावकाराचा कागद, गटाचा हप्ता आणि सोनाराची पावती एकत्र आली, त्यांच्याशेजारी दवाखान्याची फाइल ठेवली, आणि उपचार चालू असेपर्यंत व त्यानंतर एक हंगाम वसुली थांबवता आली, तर सावकार बुडणार नाही आणि बैलजोडीही विकावी लागणार नाही. आणि २००६ च्या शासननिर्णयातल्या कारणांत ‘नापिकी’च्या खाली ‘घरातील गंभीर आजार’ एवढे तीन शब्द घालायला नवा कायदा लागत नाही; मंत्रालयातल्या एका सहीचे काम आहे, आणि ती सही आजवर झालेली नाही.